पत्रिकेची फाईल प्रेसला देताना

अरे पहिल्यांदाच पत्रिका छापायला देतोयस ना, मग आधी फॉन्टचं बघ, बाकीचं नंतर. श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेला मजकूर प्रेसवाल्याच्या पीसीवर तो फॉन्ट नसेल तर सरळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाईनचं सॉफ्टवेअर) सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारायचं, अक्षरांचे कर्व्हज म्हणजे नुसते आकार झाले की फॉन्टचं टेन्शन नाही. पण मग मजकूर बदलता येत नाही, म्हणून त्याआधी एक कॉपी वेगळ्या नावाने सेव्ह कर हां, मी नव्हती केली आणि रात्री अकराला फोन आला की निमंत्रकांत मोठ्या काकांचं नाव राहिलंय, मग काय, बसलो परत सगळं टाईप करत.

कलर सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, यलो आणि के म्हणजे काळी) ठेव, स्क्रीनवरचा भडक केशरी कागदावर थोडा मळकट येणारच, पार्टीला म्हणजे गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाक. आणि बारीक मजकुराचा काळा फक्त के १०० टक्के हवा, सीएमवाय तिन्ही शून्य. चारी रंगांचा काळा केलास आणि छापताना एखाद्या रंगाची प्लेट केसभर जरी सरकली तरी मात्रा-वेलांट्यांना रंगीत सावली येते आणि ‘ज्येष्ठ’ वगैरे वाचता येत नाही.

ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) चारी बाजूंनी ३ मिमी, म्हणजे ५ बाय ७ इंची कार्डाला १३३ बाय १८४ मिमी धर. फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), तेही छापायच्या साईजला.

पीडीएफ व्हॉट्सॲपने पाठवलीस तर चालेल, पण जेपीजी असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच टाक, फोटो म्हणून टाकलंस की क्वालिटी गेलीच.