घेतलंच नाही ते कर्ज ‘मिटवू’ नका

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. आधी दोन वर्षं सुरतला साड्यांच्या मिलमध्ये कामाला होतो, २०२२ मध्ये गावी परतलो. तिथल्या ठेकेदाराने आधार-पॅनची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतले होते. यंदा पीक कर्जासाठी बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब आहे. २०२४ च्या धनत्रयोदशीला सुरतच्या एका शोरूममधून माझ्या नावावर मोटारसायकल उचललेली, आणि त्यानंतर मोबाइल ॲपवर चाळीस हजारांचं कर्ज. दोन्ही थकलेली. वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात, शालकाला आणि सरपंचालाही करतात. पोलीस म्हणतात, प्रकार सुरतचा, तिकडे जा. भावकीतले म्हणतात, थोडंफार भरून मिटवून टाक. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती भावकीच्या सल्ल्याची. तो मायेपोटी दिला असेल, पण ऐकू नका. एक रुपयाही भरू नका. हप्ता भरला की कर्ज माझंच होतं असं स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होतं, आणि पुढे कोर्टात कंपनीचा वकील आधी तीच पावती काढतो. तडजोड करून भरलं तरी सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि बँका त्याचा अर्थ ‘याने पूर्ण फेडलं नाही’ असाच लावतात. फोनवर ‘बघतो, कापूस विकला की देतो’ असंही म्हणू नका, बोलणं रेकॉर्ड होतं. एवढंच म्हणा : हे कर्ज माझं नाही, काय ते लेखी कळवा.

जो येणं सांगतो त्यानेच ते सिद्ध करायचं, असं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०४ सांगतं. म्हणून कर्ज देणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा आणि ईमेलही करा. कर्ज नाकारत असल्याचं लिहा आणि कागद मागा : अर्ज, करारनामा, अर्जावरचा फोटो, केवायसीची (ओळखीच्या कागदांची) प्रत, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा तपशील.

हे कागद हाती आले की निम्मं काम झालं. तुमच्या पत्राखालची सही मराठीत आहे, शेवटच्या अक्षराची वेलांटी लांब मागे ओढलेली. करारावर इंग्रजी सही निघाली तर ती शेजारी ठेवून बघायला तज्ज्ञही लागणार नाही. धनत्रयोदशीच्या सुमारास तुम्ही पहिल्या वेचणीचा कापूस विकला असेल, तर त्या दिवसाची काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, घरात शोधा. पत्र्याच्या पेटीत, जुन्या कॅलेंडरमागे, जिथे असेल तिथून काढा. त्या दिवशी तुम्ही सुरतच्या शोरूममध्ये नव्हता हे ती चिठ्ठी सांगेल.

ॲपवरच्या कर्जाचे पैसे कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तुमच्या पासबुकात ते चाळीस हजार आले नसतील तर गेले कुठे? तुमच्या नावावर कुणी दुसरं खातं उघडलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर ते ताबडतोब गोठवायला त्या बँकेला लेखी कळवा. अशा खात्यांतून इतरांना फसवून लुबाडलेले पैसेही फिरवले जातात, आणि मग नोटीस खातेदाराच्या दारात येते.

आता मोटारसायकल. मला तिची काळजी कर्जापेक्षा जास्त आहे. ती कदाचित जीजे-०५ नंबर लावून आज सुरतच्या रस्त्यावर तुमच्या नावाने पळत असेल. विमा नसताना तिने कुणाला उडवलं, तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक म्हणून तुमचं नाव येईल. म्हणून गाडीचा नंबर मिळवा, ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी आणि विमा तपासा, थकलेली चलनं बघा आणि सुरतच्या आरटीओला लेखी हरकत पाठवा. पोलीस तक्रारीतही गाडीचा नंबर टाका. हे या आठवड्यातच करा.

‘सुरतला जा’ हे पोलिसांचं उत्तर कायद्याला धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. शिवाय गुन्ह्याचा परिणाम जिथे भोगावा लागला तिथेही चौकशी होऊ शकते (कलम १९९), आणि तुमचं पीक कर्ज तर अमळनेरलाच अडलं. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी आणि ६६-डी लिहा. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सोबत भारतीय न्याय संहितेची ३१८ आणि ३१९, म्हणजे फसवणूक आणि तोतयेगिरी, आणि बनावट सहीसाठी ३३६ व ३४०. कर्जं १ जुलै २०२४ नंतरची आहेत म्हणून न्याय संहितेची ही कलमं; त्याआधीची असती तर जुना भारतीय दंड विधान लागला असता.

तरीही नोंद घेतली नाही तर तीच तक्रार जळगावच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. तोंडी चौकशीवर विसंबू नका. cybercrime.gov.in या केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकून तिचा नंबर जपून ठेवा. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक खात्यातून नुकतेच पैसे गेले असतील तेव्हा खरा उपयोगी पडतो, तुमच्या प्रकरणात उशीर झाला आहे.

ठेकेदारावर संशय आहे, पण तक्रारीत ‘त्यानेच केलं’ असं लिहू नका. कागद कधी, कुणाला, कशासाठी दिले तेवढं लिहा आणि आरोपीच्या जागी ‘अज्ञात’. ती झेरॉक्स पुढे किती हातांतून गेली ते तपासात निघू द्या.

कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी सिबिल ही एकच कंपनी नाही. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क धरून चार आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, एखादं तिसरं कर्जही निघेल. प्रत्येकीकडे चुकीच्या नोंदीची तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा गोलमाल दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतः किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत करायची असते.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई आहे. नातेवाइकांना छळणंही नियमाबाहेर आहे. शालकाच्या आणि सरपंचांच्या फोनमधल्या कॉलच्या नोंदींचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि लोकपालाच्या तक्रारीला जोडा.

पुढची खबरदारी आजच घ्या. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. जे तुमचं नाही ते तिथेच कळवा. आधारचे बोटांचे ठसे लॉक करा, मात्र रेशन घेताना ते तात्पुरते उघडावे लागतील, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. झेरॉक्स द्यावीच लागली तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत द्या आणि त्यावर आडवं लिहा : कुणासाठी, कशासाठी, तारीख. मजकूर थोडा आकड्यांवरून गेला पाहिजे, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकतात.

राहिलं पीक कर्ज. पेरणी थांबणार नाही हे मला कळतं. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं राज्य सरकारने बँकांना अनेकदा बजावलं आहे. एफआयआरची प्रत आणि सिबिलच्या तक्रारीची पोच जोडून शाखाधिकाऱ्याला नवा अर्ज द्या आणि नाकारलात तर कारण लेखी द्या म्हणून सांगा. तो कागद घेऊन जळगावला जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा. विकास सोसायटीच्या सचिवालाही आजच विचारून ठेवा, म्हणजे बँकेने ताणलं तरी बियाण्याचे पैसे अडणार नाहीत.