रीमॅप केल्यावर ऑटोमॅटिक गाडीची पॉवर मॅन्युअलपेक्षा एवढी कमी का दिसते?

तुमची फोक्सवॅगन व्हर्टस 1.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक, मित्राची तीच गाडी मॅन्युअल, दोघांना स्टेज वन रीमॅप (पार्ट न बदलता, फक्त इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं), आणि डायनोवर (गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजायचं मशीन) तुमची गाडी चाकाशी 12 पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) कमी. म्हणून विचारताय की ऑटोमॅटिकवर पैसे घालणं फुकट आहे का. फुकट नाही. पण 'ऑटोमॅटिक 20 टक्के खातो, मॅन्युअल 15' हे उत्तर तुम्हाला कोणी दिलं असेल तर त्यावर अजिबात विसंबू नका. ते उत्तर देणाऱ्याने गिअरबॉक्सचा लॉग (गाडी चालताना कंट्रोलरमधून घेतलेल्या आकड्यांची नोंद) उघडून पाहिलेला नसतो.

हाच टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेलातून पुढे देणारा) सहा गिअरचा बॉक्स, रीमॅप केलेला, मी रोलरवर तपासलेला आहे. पहिल्या रनला ग्राफ साडेतीन हजारांपर्यंत नीट चढला आणि पुढे आडवा झाला. इंजिनचा लॉग स्वच्छ होता: बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) मागितला तेवढा येतोय, टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे ओढलेलं नाही, थ्रॉटल पूर्ण उघडा. मग गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधून इनपुट शाफ्टचा आरपीएम काढला. इंजिन 4,200 वर, शाफ्ट 3,950 वर. लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, घसरत होता. क्लच घसरताना टॉर्क तेवढाच पुढे जातो, फिरण्याचा वेग मात्र कमी होतो, त्यामुळे हिशेब सोपा आहे: 4,200 मधले 250 गेले, म्हणजे 6 टक्के पॉवर गेली. इंजिन 100 किलोवॉट देत असेल तर 6 किलोवॉट. घरातले 3 किलोवॉटचे दोन गीझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता होते तेवढी सगळी त्या गिअर ऑइलमध्ये जात होती. पीएसमध्ये साधारण 8. तुमच्या 12 मधले बहुतेक इथेच सापडतील असं मला वाटतं.

क्लच घसरण्याचं कारण फाइलमध्ये, म्हणजे रीमॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं. इंजिनचा टॉर्क वाढवला, पण गिअरबॉक्सला जुनाच आकडा कळत राहील अशी सोय केलेली. असं केलं की टॉर्क लिमिटर (ठरावीक टॉर्कच्या पुढे अडवणारी मर्यादा) आड येत नाही आणि ट्यूनरचं काम झटपट होतं. पण गिअरबॉक्स क्लचवर किती प्रेशर द्यायचं ते त्याच आकड्यावरून ठरवतो. त्याला 178 न्यूटन मीटर सांगायचे आणि प्रत्यक्षात 220 द्यायचे, तर प्लेटा घसरणारच. टॉर्कचा खरा आकडा पुढे पाठवला, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधली मर्यादा आणि लाइन प्रेशर (क्लच दाबणाऱ्या तेलाचा दाब) त्याप्रमाणे वाढवलं, तेव्हा घसरण 20-30 आरपीएमवर आली आणि ग्राफ सरळ वर गेला. नुसता इंजिनचा रीमॅप म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये अर्धंच काम. गिअरबॉक्सची फाइल न लावता गाडी परत देणाऱ्याकडे मी तरी गाडी नेणार नाही.

यानंतरही जी पॉवर कमी पडते ती मुख्यतः ऑइल पंपाची आणि न जोडलेल्या प्लेटा तेलात फिरतात त्याची. ती मॅन्युअलमध्ये नसते हे खरं. पण ती इंजिनच्या पॉवरबरोबर टक्क्याने वाढत जात नाही, आणि माझा खरा राग या टक्क्यांवर आहे. गिअरच्या दात्यांचं घर्षण टॉर्कबरोबर वाढतं. तेल घुसळणं, बेअरिंग, टायर हे मुख्यतः वेगावर अवलंबून असतं. 115 पीएसची गाडी 140 ची केली म्हणून टायर रोलरवर जास्त जड होत नाहीत. तरी लोक चाकाशी मिळालेले 120 घेतात, 0.85 ने भागून 141 सांगतात, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर 0.80 ने भागून 150. रोलरने मोजलं एकच, कागदावर 9 पीएस जास्त. चाकाशी काय मिळालं तेवढंच लिहा. आधी आणि नंतर, त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये. बाकी आकड्यांना अर्थ नाही.

शिवाय 'ऑटोमॅटिक' ही एक वस्तू नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच बॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन हलवतं, लॉस तोच. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवर चालणारा बॉक्स) बेल्ट दाबून धरायला सतत प्रेशर लागतं, तिथे रीमॅप करूच नका. 1.5 टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक) लॉसच्या बाबतीत मॅन्युअलच्या अगदी जवळ आहे. तिथे अडचण वेगळी. बॉक्सची मर्यादा 250 न्यूटन मीटर आणि इंजिन कंपनीतूनच 250 देतं. तिथे टॉर्क वाढवू नका, वरपर्यंत टिकवा. 250 न्यूटन मीटर 5,000 आरपीएमला टिकले तर 178 पीएस होतात, आणि क्लचवर कंपनीपेक्षा जास्त भार पडत नाही.

मित्राचीही गाडी तपासा. मॅन्युअलमध्ये कंपनीचा क्लच रीमॅपनंतर घसरू लागला तर तिथेही पॉवर तशीच जाते. सहाव्या गिअरमध्ये 2,000 आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपली.

पुन्हा डायनोला जाल तेव्हा दोन्ही गाड्यांच्या टायरमध्ये सारखी हवा भरा आणि गाडी बांधायचे पट्टे सारखेच ताणायला सांगा, कारण जास्त आवळलेला टायर रोलरवर दबतो आणि पॉवर खातो. ऑटोमॅटिक मॅन्युअल मोडमध्ये ठेवा, पण पेडल तळाच्या 'टक्' पर्यंत दाबू नका. किकडाउन होऊन गिअर मध्येच खाली येतो आणि तो रन वाया जातो. गिअरबॉक्सचं तेल 85 अंशांच्या आसपास असताना सुरुवात करा, लागोपाठ तीन रन करू नका. आणि करेक्शन (हवेचा दाब आणि तापमान धरून डायनो आकड्यात करतो तो बदल) बंद ठेवा. पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे, हवेचा दाब जवळपास 95 किलोपास्कल. टर्बो ती तूट बऱ्याच अंशी स्वतः भरून काढतो, वर करेक्शन लावलं की आकडा फुगतो. एक गाडी मुंबईत आणि दुसरी पुण्यात मोजलेली असेल तर 12 पीएसवर चर्चाच करू नका.

एक राहिलं. वरचा 6 टक्क्यांचा हिशेब त्या एका गाडीचा आहे, तुमच्या गाडीत लॉकअप पूर्ण लागत असेल तर फरक दुसरीकडे शोधावा लागेल. आधी लॉग काढा. गिअरबॉक्सचं तेल 60 हजार किलोमीटरच्या पुढे गेलं असेल तर 'लाइफटाइम' शब्दावर न जाता ते आधी बदला, मग फाइलला हात लावा. आणि रीमॅपनंतर वॉरंटी धरून चालू नका. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.