रॅम विकत घ्यायच्या आधी यूलिमिट बघा

रबाळ्याच्या ऑफिसात सर्व्हरवर फेडोरा लिनक्स टाकल्यापासून मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसचा डॉकर कंटेनर (प्रोग्राम वेगळा चालवायचा डबा) सुरू होताच सगळी रॅम खातो आणि मरतो, डेटा मेमरीत धरणारा बफर पूल तर जेमतेम १२८ एमबी, असं तुम्ही लिहिलंय. आमचं वागळे इस्टेटचं जुनं दुखणं हेच.

बफर पूलला हात लावू नका. त्याच इमेजच्या (कंटेनरच्या साच्याच्या) कंटेनरात नुसतं 'यूलिमिट -एन' चालवा, एका प्रोसेसला किती फायली उघडायची परवानगी आहे ते दिसेल. १,०७,३७,४१,८१६ आलं की चोर सापडला. जितक्या फायली उघडायची परवानगी, तितक्या नोंदींचा तक्ता ५.७ सुरू होतानाच मांडून बसतो, फायली उघडो वा न उघडो. नोंदीला १६ बाइट धरा, १६ जीबी तिथंच गेले. हा आकडा येतो डॉकरच्या सर्व्हिस फायलीतल्या 'लिमिटनोफाइल=इन्फिनिटी' (फायलींना मर्यादा नाही) मधून. लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या २४० आवृत्तीपासून ही इन्फिनिटी एवढी फुगली. डेबियन-उबुंटूनं ती वाढ घेतली नाही, म्हणून तिथं हे सहसा दिसत नाही.

आमचे एएमसीवाले (देखभालीचे कंत्राटदार) म्हणाले, "साहेब, रॅम कमी पडतेय, ३२ जीबी करा." केली, आणि चाललं की हो! ३२ मध्ये १६ मावणारच. त्यांची कॉलर ताठ. मग टेस्टिंगसाठी दुसरा कंटेनर उभा केला आणि दोघं आलटूनपालटून मरायला लागले. शुक्रवारी इस्टेटची लाईट जाऊन आली की हमखास. आता म्हणे ६४ करा. यूलिमिटचा आकडा पाठवला, तर 'अ‍ॅप्लिकेशन इश्यू' लिहून तिकीट बंद! रॅम विकणाऱ्याला रॅमच कमी दिसणार, दुसरं काय.

डॉकरच्या कंपोज फायलीत (कंटेनरांची मांडणी लिहायची फाइल) त्या सर्व्हिसखाली यूलिमिट्स, नोफाइल, सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही ६५५३६ द्या. तक्ता १ एमबीवर येतो. सगळ्याच कंटेनरांना हवं असेल तर डॉकरच्या डेमन.जेसन या सेटिंग फायलीत डिफॉल्ट-यूलिमिट्स. लिमिट्स.कॉन्फ बदला असं कुणी सांगेल, त्यात वेळ घालवू नका. ती फाइल लॉगिनला लागू होते, सिस्टमडीच्या सर्व्हिसला नाही.

मी काही डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) नाही, तेव्हा आधी बॅकअप घ्या. टेबलं फारच असतील तर आकडा वाढवा. आणि ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, हेही साहेबांच्या कानावर घाला. पुढे एचएप्रॉक्सी (येणारं ट्रॅफिक सर्व्हरांत वाटणारा प्रोग्राम) कंटेनरात टाकलात तर त्यालाही हीच मर्यादा द्या, तोही असाच फुगतो.