बेटावरची रेघ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उपग्रहचित्रात हैती तपकिरी आणि शेजारचं डॉमिनिकन रिपब्लिक हिरवंगार दिसतं. बेट एकच, मग पाऊस काय सीमा बघून पडतो?

थोडाफार तसाच पडतो म्हणा ना! हिस्पॅनिओला बेटावर वारे येतात ईशान्येकडून. मधल्या डोंगररांगा वाटेतच त्यांचं बरंचसं पाणी काढून घेतात. तिथलं पिको दुआर्ते शिखर तीन हजार मीटरहून उंच, अख्ख्या कॅरिबियनमध्ये सर्वांत उंच. त्यामुळे पश्चिमेकडच्या हैतीचा बराच भाग पर्जन्यछायेत जातो.

पण सगळं खापर वाऱ्यावर फोडू नका. बेटाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग, म्हणजे सुमारे २७,७५० चौ. किमी, हैतीकडे आहे. लोकसंख्या मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, एक कोटीच्या वर. फ्रेंचांनी अठराव्या शतकात ऊस आणि कॉफीसाठी इथली जमीन ओरबाडली. १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तर १८२५ मध्ये त्याच फ्रान्सने १५ कोटी फ्रँकची ‘भरपाई’ मागितली. आजही बहुतेक हैतीवासीयांची चूल लाकडावर नाहीतर लोणारी कोळशावर पेटते. शेजाऱ्याने विसाव्या शतकात झाडं तोडण्यावर कडक निर्बंध आणले आणि स्वयंपाकाचा गॅस स्वस्त केला. तीव्र उतारावरचं झाड गेलं की पहिल्या मोठ्या पावसात मातीही जाते, आणि मग पाऊस पडूनही तिथे काही धरत नाही. चित्रातला रंग असा निम्मा डोंगराचा, निम्मा चुलीचा आहे.

नद्यांना हे वाटप अर्थातच मान्य नाही. आर्तिबोनित उगम पावते डॉमिनिकन डोंगरांत आणि पिकवते हैतीतला तांदूळ.

प्रश्न : ब्रुनेई नकाशात दोन तुकड्यांत का दिसतो?

बोर्निओवर तीन देश आहेत, आणि त्यातल्या सर्वांत छोट्याचेच दोन भाग झालेत. मधली लिंबांगची पट्टी १८९० मध्ये सारावाकचा राजा चार्ल्स ब्रूक याने गिळली; आज ती मलेशियात आहे. परिणाम असा की स्वतःच्याच देशातल्या तेंबुरोंगला रस्त्याने जायचं तर पासपोर्ट लागायचा. २०२० मध्ये खाडीवरून सुमारे ३० किमीचा पूल झाला, तेव्हा कुठे ही कटकट संपली.

प्रश्न : न्यू गिनीची सीमा पट्टीने आखल्यासारखी आहे, मग मधेच पोट का सुटलंय?

इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यातली ही रेघ आहे १४१ अंश पूर्व रेखांशाची. वाटेत फ्लाय नदी या रेघेच्या पश्चिमेला वळसा घेते, आणि तेवढ्या टप्प्यात सीमा नदीच्या पात्रातून जाते. ब्रिटिश आणि डच यांनी १८९५ मध्ये हे ठरवलं. मोठा नकाशा काढून बघा : वळशाच्या खालची रेघ वरच्या रेघेच्या बरोबर खाली येत नाही, किंचित पूर्वेला सरकलेली आहे. मला ही चूक वाटायची. पण ती मुद्दाम तिथे घेतलीय, किनाऱ्यावरच्या बेन्सबाख नदीच्या मुखाशी जुळावी म्हणून.

प्रश्न : उत्तर आयर्लंड हे बेटाचं उत्तर टोक ना?

नाही. मुख्य भूमीचं उत्तर टोक मॅलिन हेड, आणि ते आयर्लंड प्रजासत्ताकात आहे. नावावर जाऊ नका.

प्रश्न : अगदी चिमुकलं बेटही दोघांत वाटलेलं असतं का?

माझं लाडकं उदाहरण मार्केट. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधला हा खडक, लांबी जेमतेम साडेतीनशे मीटर. १८०९ पासून सीमा त्याच्या मधून गेली. १८८५ मध्ये, फिनलंड रशियाच्या ताब्यात असताना, तिथे दीपगृह बांधलं. चांगली उंच जागा बघून बांधलं, आणि ती जागा निघाली स्वीडनच्या हद्दीत! पुढची शंभर वर्षं दिवा शेजाऱ्याच्या अंगणात जळत राहिला. १९८५ मध्ये सीमा पुन्हा आखली. दीपगृह फिनलंडला द्यायचं, पण कुणाची जमीन घटता कामा नये, आणि किनाराही बदलायचा नाही, नाहीतर मासेमारीचे हक्क हलतील. मग रेघेला किनाऱ्यावरची दोन्ही टोकं जुन्याच जागी ठेवून मधे वळणं घ्यावी लागली, आणि त्या एवढ्याशा खडकावर उलट्या ‘एस’सारखी सीमा तयार झाली.