मलब्याची हद्द जुळली, म्हणजे दगडमातीच्या लोंढ्याचे मॉडेल कॅलिब्रेट झाले (खऱ्या घटनेवर बसवले गेले) का?

नाही. आपण विचारले आहे की, रॅम्स या लोंढ्याचे गणित करणाऱ्या संगणकप्रणालीत घर्षणाचे दोन आकडे, म्यू 0.2 आणि क्साय 200, घेतल्यावर साचलेल्या मलब्याची हद्द नकाशाशी जुळते, तर हेच आकडे सह्याद्रीतल्या दुसऱ्या ओहळासाठी वापरावेत का. हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. रॅम्स ज्यावर चालते त्या वोएल्मीच्या घर्षणसूत्रात लोंढा सपाटीला कुठे थांबेल हे मुख्यतः म्यू ठरवतो, तर तीव्र उतारावरचा वेग क्साय ठरवतो. त्यामुळे नुसती हद्द जुळवली, तर क्साय जवळजवळ मोकळाच राहतो.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका सल्लागार कंपनीत काम करताना याच मुद्द्यावरून माझा वरिष्ठांशी वाद झाला. काम रायगड जिल्ह्यातल्या एका ओहळाचे होते आणि उपग्रहचित्रावरची हद्द जुळल्यामुळे अहवाल पाठवून द्यावा, असे त्यांचे मत होते. पाऊस ओसरल्यावर मी ओहळात उतरलो. वळणावर बाहेरच्या काठावरील ऐनाच्या खोडावर चिखलाची रेघ माझ्या खांद्याच्याही वर होती आणि सालीच्या भेगांत मुरूम रुतून बसला होता. आतल्या काठावर मात्र ती बरीच खाली होती. दोन्ही रेघांच्या पातळीतला फरक, पात्राची रुंदी आणि वळणाची त्रिज्या यांवरून वेग काढता येतो. दुरुस्तीचा गुणांक मोठा धरूनही, म्हणजे हा वेग मुद्दाम कमी काढूनही, मॉडेलमधला वेग त्याच्या जेमतेम निम्मा भरला. धडकेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे खालच्या वाडीसाठी सुचवलेली संरक्षक भिंत एक चतुर्थांश दाबासाठीच काढलेली होती. यावर 'जागेवरच्या खुणा व्यक्तिनिष्ठ असतात' असे उत्तर मिळाले. मग कार्यालयात बसून उपग्रहचित्रावर हाताने आखलेली हद्द वस्तुनिष्ठ कशी ठरते, हे मला आजवर कोणीही पटवून दिलेले नाही.

म्हणून आधी ओहळात जा, तेही लवकर, कारण मदतकार्यात मलबा उपसला जातो आणि उरलेल्या खुणा पुढचा पावसाळा धुऊन नेतो. एका घटनेवर बसवलेले आकडे दुसऱ्या घटनेवर तपासल्याशिवाय तिसरीकडे लावू नका. सुरुवातीचे घनफळ किंवा वाटेत खरवडली गेलेली माती चुकीची धरली, तर ती चूक घर्षणाच्या आकड्यांत दडून बसते, हेही तपासा. अर्थात वळणावरून काढलेला वेगही अंदाजच असतो, त्यामुळे अहवालात एकच आकडा न देता किमान आणि कमाल वेग द्यावा. असे दोन आकडे दिले की ग्राहक गोंधळतो, ही सबब मात्र ऐकून घेऊ नका. भिंतीची जाडी ठरवणाऱ्या अभियंत्याला ते दोन्ही आकडे लागतात.