गोळ्या चुकतात, पण भिशी चुकत नाही : असे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली आहे, तरी दर दोन-तीन महिन्यांनी त्या गोळ्या बंद करतात, भिशीचा हप्ता मात्र एकदाही चुकवत नाहीत. गरीब माणसे असे चुकीचे निर्णय घेतात म्हणूनच गरीब राहतात का, आणि अर्थशास्त्रात यावर काही संशोधन झाले आहे का?

संशोधन झाले आहे, आणि त्यातले पुष्कळसे आपल्याच देशात झाले आहे. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, पण या विषयाशी माझे नाते त्याहून जुने आहे. वडील यंत्रमागावर टॉवेल विणत आणि अम्मा घरी विड्या वळत असे. रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली पाने सकाळी काढायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायचा, हे सारे तिचे हात बोलता बोलता करत. पण ज्या आठवड्यात वडिलांच्या पगारातून दुकानदाराची उधारी फिटत नसे, त्या आठवड्यात कारखान्यात तपासणीच्या वेळी तिच्या जास्त विड्या मोडून बाजूला टाकल्या जात. पाने वाईट आली असतील, असे आम्ही समजत असू.

पुढे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ फ्रँक शिल्बाख आणि त्यांचे सहकारी सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लईनाथन आणि सुआना ओह यांचा ओडिशातील प्रयोग वाचला, तेव्हा मला ते आठवडे आठवले. तिथले मजूर पानांच्या पत्रावळ्या करत होते आणि मजुरी नगावर होती. संशोधकांनी मजुरीचा दर वाढवला नाही. काही मजुरांना कमावलेले पैसे थोडे आधी दिले आणि बाकीच्यांना शेवटी दिले, एवढाच फरक ठेवला. ज्यांना पैसे आधी मिळाले त्यांनी लगेच उसनवारी फेडली आणि घरात लागणारे सामान भरले, आणि त्यानंतर त्यांचे उत्पादन सुमारे 7 टक्क्यांनी वाढले, चुकाही कमी झाल्या. हा परिणाम मुख्यतः त्यांच्यातल्या अधिक गरीब मजुरांमध्ये दिसला. कष्ट करण्याची इच्छा आणि हातातले कौशल्य तेच होते; डोक्यातला घोर मात्र हलका झाला होता.

2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील 464 ऊस शेतकऱ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. तोच शेतकरी तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, बुद्धिमापनाच्या कोड्यांत मागे पडत होता आणि पैसे मिळाल्यावर तीच कोडी अधिक चांगली सोडवत होता. उसाचे बिल खात्यावर पडण्याआधीचे महिने कसे जातात, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. मात्र या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर लोकांची तपासणी झाली, तेव्हा विचारशक्तीत असा फरक आढळला नाही. शिल्बाख यांच्याच गटाने चेन्नईतील गरीब कामगारांची रात्रीची झोप वाढवून पाहिली, तेव्हा कामाचा वेग वाढेल ही अपेक्षा खरी ठरली नाही; दुपारच्या छोट्या डुलकीने मात्र फायदा झाला. म्हणून ‘गरिबीने बुद्धी मंदावते’ असे सरसकट विधान मी करणार नाही. तातडीची काळजी लक्ष खाऊन टाकते, एवढे मला पटलेले आहे.

आता मावशींच्या गोळ्यांकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही. गोळीचा फायदा कित्येक वर्षांनी न आलेल्या झटक्याच्या रूपाने मिळतो, म्हणजे तो कधी डोळ्यांना दिसतच नाही. खर्च मात्र आजचा असतो. गोळी फुकट मिळत असली तरी दवाखान्याच्या रांगेत सकाळ जाते, आणि अम्मासारख्या विडी वळणारीची सकाळ म्हणजे काहीशे विड्या. शिवाय गोळी चुकली तर विचारणारे कोणी नसते. भिशीत अकरा जणी हप्त्याची वाट पाहत असतात. ज्या बाई भिशी चुकवत नाहीत त्यांच्या ठायी संयम नाही, असे म्हणताच येणार नाही. आपले मन उद्या डळमळेल हे त्यांनी ओळखले आहे आणि त्यासाठी स्वतःला बांधून घेतले आहे.

शिल्बाख यांनी चेन्नईतील 229 सायकलरिक्षा चालकांमध्ये हेच पाहिले. दिवसा दारू न पिता आले तर पैसे, असे प्रोत्साहन काहींना दिले, तेव्हा त्यांची बचत सुमारे 50 टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ केवळ दारूचे पैसे वाचल्यामुळे झाली असे दिसले नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे निवड करायला सांगितल्यावर बऱ्याच जणांनी विनाअट पैशांऐवजी न पिण्याची अट असलेले पैसे मागून घेतले. उदयपूर जिल्ह्यातील लसीकरणाचा अभ्यास आपण ऐकला असेल : अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या त्या प्रयोगात काहीही न केलेल्या गावांत 6 टक्के बालकांचे पूर्ण लसीकरण झाले होते, गावातच नियमित शिबिर भरवल्यावर 18 टक्के, आणि प्रत्येक फेरीला किलोभर डाळ व शेवटी ताटांचा संच दिल्यावर 39 टक्के. पालकांचा लसीला ठाम विरोध असता तर किलोभर डाळीने तो मोडला नसता. बहुतेकांचे ‘पुढच्या खेपेला नेऊ’ एवढेच चालले होते.

आमच्या वस्तीत अम्माच्या भिशीतल्या चार जणींना रक्तदाब आहे. गेल्या वर्षी मी सुचवले आणि त्यांनी मान्य केले की रविवारी चिठ्ठी काढण्याआधी चौघींनी आपापली गोळ्यांची पाकिटे सगळ्यांसमोर दाखवायची. दंड वगैरे काही नाही. आता शनिवारी रात्री अम्मा स्वतःच पाकीट उजेडात धरून उरलेल्या गोळ्या मोजते. चौघींच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी वर्गातही सांगतो. पण करून पाहण्यासारखे हे नक्कीच आहे.

आपल्यालाही मावशींसाठी काही करायचे असेल, तर गोळ्यांचे महत्त्व पुन्हा समजावू नका. ते त्यांना माहीत आहे. महिन्याच्या गोळ्या एकदम आणून ठेवता येतील, गोळी आपल्या घरच्या सकाळच्या चहाबरोबर घेता येईल का हे डॉक्टरांना विचारता येईल, आणि दवाखान्याच्या दिवसाची सुट्टी पगार न कापता देता येईल. पगाराची तारीख भिशीच्या आधी आणून हवी आहे का, की निम्मा पगार पंधरवड्याला मिळाला तर सोयीचे पडेल, हे मात्र त्यांनाच विचारा. घरातली कोणती देणी कोणत्या तारखेला येतात, याचा हिशेब त्यांच्याइतका पक्का दुसऱ्या कोणाकडेही नसेल.