घरच्यांसोबत दुरुस्त करून पुन्हा उभी करण्यासाठी पहिली जुनी गाडी घेताना
इंजिनापेक्षा सांगाडा अधिक बारकाईने तपासा, कारण बिघडलेले इंजिन पुन्हा बांधता येते, परंतु गंजाने आतून पोखरलेला सांगाडा पैसा आणि घरच्यांचा उत्साह दोन्ही संपवतो. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन लगेच स्टार्टरने फिरवू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, ते मुरू द्या आणि मगच इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहा. सुटे भाग पिशव्यांत भरून त्यांवर नावे लिहिण्याचे काम मुलांकडे सोपवा. ती ते मोठ्यांपेक्षा नेटाने करतात, असा माझा अनुभव आहे. मात्र जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये (ब्रेकच्या घासल्या जाणाऱ्या अस्तरात) अ‍ॅस्बेस्टस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्यांची धूळ श्वासातून आत जाणे घातक असते, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नका आणि अशा कामाच्या वेळी मुलांना दूरच ठेवा.